दातवाल्यांची किल्ली

दूध गॅसवर होतं, यांचा एक मोजा सापडला होता आणि दुसऱ्यासाठी घरातला प्रत्येक खण उघडा पडला होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. आमच्या दाराला घंटा आहे आणि ती चांगली वाजते. तरीही थाप मारणारा माणूस आख्ख्या इमारतीत एकच. हे खणातलं डोकं बाहेर न काढताच म्हणाले, "तुझं गिऱ्हाईक आलं."

दार उघडलं तर तळमजल्यावरचे दातवाले. हात कोपरापर्यंत पांढरे, भुवईवर प्लास्टरचा थेंब वाळलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "वहिनी, किल्ली द्या."

मागे दुधाने मान वर काढली होती. मी "नाही" म्हटलं आणि आत पळाले. गॅस बंद करून, ओटा पुसून परत आले तर दारात कुणी नव्हतं. पायपुसण्यावर तेवढे चपलांचे पांढरे ठसे होते.

यात विशेष काही घडलं असं बाहेरच्या माणसाला वाटणार नाही. दातवाल्यांना नाही म्हणणं हे गेलं वर्षभर माझं कामच आहे आणि त्यात माझा हात चांगला बसलाय. पण इतकं तुटक "नाही" मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. हे मोजा शोधून, घालून कामावर गेले तरी माझं लक्ष त्या ठशांकडेच जात राहिलं.

दातवाले कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेतात आणि दातवाल्यांकडे पाठवतात. ते त्यात प्लास्टर ओततात, जबडा तयार करतात, त्यावर मेणाची हिरडी चढवतात आणि मेणात एकेक दात लावतात. ती मेणाची कवळी डॉक्टरांकडे परत जाते, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात बसवून बघितली जाते. कुठे टोचतंय, कुठे ओठ फुगतोय, कुणाला आपले दात फार पांढरे वाटतात. मग दुरुस्त्या होऊन पक्की कवळी बनते. त्यांच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर जबडेच जबडे. पहिल्यांदा गेलं की सगळे आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटतं. दुसऱ्यांदा गेलं की कळतं, हसत कुणी नाही, नुसते दात दाखवताहेत.

मेणात असेपर्यंत काहीही बदलता येतं, हे त्यांच्या धंद्याचं सूत्र त्यांनी सगळ्या आयुष्याला लावलंय. सहलीला येणार का विचारलं की, "अजून मेणात आहे." घराला रंग कोणता देणार? मेणात आहे. पुढेपुढे आमच्या घरातही कुणी निश्चित बोलेनासं झालं. संध्याकाळी भाजी काय करू विचारलं तर हेसुद्धा वर्तमानपत्रातून म्हणतात, मेणात आहे.

एक गोष्ट मात्र मेणात राहत नसे, ती म्हणजे खरेदी. दातवाल्यांना हौशी फार आणि प्रत्येक हौस आयुष्यभराची. माशांची काचपेटी आली. मासे गेले, आता तिच्यात प्लास्टरच्या पिशव्या असतात. व्यायामाची सायकल आली, तिच्यावर टॉवेल चांगले वाळतात. मग दुर्बीण आली. त्यांच्या खिडकीतून तिच्यात समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. टाकी गळतेय हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांची बायको रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. ती मोजकं बोलते. दुर्बीण आली त्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्याकडे दात करूनही शिल्लक राहत नाही."

अशा वेळी माझ्या नणंदेची मुलगी तिचं संशोधन घेऊन आमच्याकडे राहायला आली. माणसं म्हातारपणासाठी पैसे का साठवत नाहीत, हा तिचा विषय. हे म्हणाले, नसतात म्हणून. ती म्हणाली, असतात त्यांचंसुद्धा हेच आहे, मामा. माणसाला आपलं म्हातारपण आपलं वाटतच नाही. तो म्हातारा म्हणजे कुणी लांबचा नातेवाईक आहे आणि त्याची सोय दुसरं कुणीतरी बघेल, असं प्रत्येकाला आतून वाटत असतं. मला हे पटलं. माझ्या कपाटात 'बारीक झाल्यावर घालू' म्हणून ठेवलेले कपडे आहेत. ती बारीक बाईही मला अजून भेटलेली नाही.

भाचीने इमारतीतल्या बऱ्याच जणांना अभ्यासात ओढलं. दातवाले तर आनंदाने आले. तिने विचारलं, आज थोडे पैसे हवेत की वर्षाने जास्त? ते म्हणाले, आजचे आज द्या, वर्षाचं वर्षाने बघू. मग तिने शेवटचं अस्त्र काढलं. संगणकावर त्यांचा फोटो म्हातारा करून, छापून हातात दिला. सुरकुत्या, पिकलेल्या भुवया, खोल गेलेले गाल. असा फोटो बघून भले भले गप्प होतात म्हणे, एक आजोबा तर हळवे झाले होते. दातवाल्यांनी चष्मा खाली घेतला, फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ नुसतं तोंड बघितलं. मग म्हणाले, "या गृहस्थांची खालची कवळी सैल बसलीय. कुणी केली? माझ्याकडे पाठवून द्या, नीट करून देतो."

भाचीने फोटो परत घेतला आणि वही मिटली.

तिच्या अभ्यासाचा पुढचा भाग पेटीचा होता. प्रत्येकाला फटीची एक पत्र्याची पेटी दिली. जमेल तेवढं आत टाकायचं, म्हातारपणासाठी. काहींनी किल्ली स्वतःकडे ठेवायची आणि काहींनी शेजाऱ्याकडे द्यायची. दातवाल्यांचं नाव शेजाऱ्याच्या गटात निघालं आणि किल्ली माझ्याकडे आली. बायकोकडे का नको, असं मी विचारलं. दातवाले म्हणाले, घरच्या माणसाचा धाक संसारात झिजून जातो, वहिनी, तुमचा अजून नवा आहे. नियम एकच होता. दुखणंखुपणं आलं तर किल्ली द्यायची, एरवी नाही म्हणायचं.

ती मी चहाच्या डब्यामागे ठेवली आणि विसरले. दातवाले विसरले नाहीत.

पहिल्यांदा आले ते बासरीसाठी. मी म्हटलं, बसा तरी. चहा टाकला आणि विचारलं, बासरी कोण वाजवणार? ते म्हणाले, मीच. शिकवणार कोण? ते अजून मेणात होतं. कप रिकामा होईपर्यंत त्यांनाच आठवलं की प्लास्टरच्या धुळीने त्यांना दोन जिने चढताना धाप लागते. हसतहसत उठून गेले. नंतर कबुतरांची जोडी आली, तीही अशीच चहाबरोबर उडून गेली. मग घडीचा तंबू. तंबूच्या वेळी हे घरी होते. त्यांनी विचारलं, लावणार कुठे? दातवाल्यांनी मनातल्या मनात आपली खोली मोजली, जबड्यांच्या फळ्या मोजल्या आणि कबूल केलं की तंबू लावला तर आपल्याला बाहेर झोपावं लागेल.

भाचीचा अभ्यास संपला. निष्कर्ष असा आला की किल्ली शेजारी असली की माणसं जास्त साठवतात, कारण शेजाऱ्याचं दार वाजवायची लाज वाटते. मी म्हटलं, आणि आमचे दातवाले? ते तर सारखे दार वाजवतात आणि तरी साठवतात. तिने कागद खालीवर केले. "मामी, अशा माणसासाठी माझ्याकडे रकानाच नाही." बाकीच्यांच्या पेट्या उघडल्या. दातवाल्यांनी मात्र पेटी ठेवून घेतली आणि किल्ली माझ्याचकडे राहू दिली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे सगळं त्या सकाळी दूध निवताना मनात येत होतं आणि तेवढ्यात खालून आवाज सुरू झाला.

तो आवाज आम्हाला पाठ आहे. कवळी घासायचं त्यांचं बारीक चाक आहे, ते डासासारखं गुणगुणतं. पण हा आवाज तसा नव्हता. हा किंचाळत होता, धातूवर धातू. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. वर्षभरात हे माझ्या कसं लक्षात आलं नाही, असं झालं. ज्याच्या टेबलावर पोलाद कापणारं चाक आहे, त्याला पत्र्याच्या पेटीची किल्ली हवी कशाला? आणि मी मोठ्या तोऱ्यात ती चहाच्या डब्यामागे सांभाळत होते.

दाराला कडी घालून मी खाली गेले. खरं सांगते, जिना उतरताना मला त्या पैशांपेक्षा त्या फोटोतल्या म्हाताऱ्याचीच काळजी वाटत होती. पेटी फुटली की त्याच्यासाठी उरतं काय? या महिन्यात बासरी, पुढच्या महिन्यात कबुतरं. दातवाल्यांचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे त्यांची बायको मला म्हणाली होती. आज ना उद्या दात लावणं थांबणार.

खोलीत शिरले तोपर्यंत आवाज थांबला होता. पेटी टेबलावर होती. झाकणावर एक लांब चकचकीत चरा पडला होता, पण पत्रा आरपार गेला नव्हता. दातवाले चाक हातात धरून तिच्याकडे बघत बसले होते. भिंतीवरचे जबडेही तिच्याकडेच बघत होते.

मी विचारलं, काय घ्यायचं होतं? ते म्हणाले, भिंगाचा दिवा. दात लावताना रेषा दिसत नाही नीट. मला वाईट वाटलं, कारण बासरी आणि कबुतरांच्या रांगेत ही पहिलीच गोष्ट अशी होती की जिला मी कदाचित हो म्हटलं असतं. दुखण्यात धरली असती. पण मी विचारलंच नव्हतं, कशाला म्हणून.

"मग कापलं का नाही?" मी म्हटलं. "चाक तर पहिल्यापासून तुमच्याच हातात आहे."

त्यांनी चाक खाली ठेवलं. "पेटी काय, घटकेत उघडेल. मग मला 'कशाला हवेत' म्हणून विचारणार कोण, वहिनी?"

 स्टुलावरची प्लास्टरची पिशवी उचलून त्यांनी मला बसायला जागा केली. मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्यात मेणातलं काही नव्हतं. त्यांचे वडील छापखान्यात होते. छान कमावलं, छान उडवलं, मुलाला हौशी दिल्या त्यांनीच. हात थांबले तेव्हा गाठीला काही नव्हतं. मग महिन्यातून एकदा ते थोरल्या मुलाच्या घरी जात. सून वाईट नव्हती, देण्यासारखं असलं की देई. नसलं की नाही म्हणे. पण जे काय व्हायचं ते दारात. वडील चपला काढत नसत, कारण काढा असं कुणी म्हणत नसे. दातवाल्यांनी एकदा रस्त्यावरून ते बघितलं होतं. वडील उंबऱ्याबाहेर उभे, हातात टोपी, आणि चेहऱ्यावर आपण सहज इकडून चाललो होतो असा भाव.

"त्या फोटोतल्या कवळीचं बोललो ती थट्टा होती," ते म्हणाले. "चेहरा वडिलांचा होता. तुमच्या भाचीला मी ते सांगितलं नाही."

भाचीच्या फोटोने आपलं काम केलं होतं म्हणायचं. आम्हालाच कळलं नव्हतं. मी आमच्या दारातली सकाळ आठवली. कपाळावर चष्मा, पांढरे हात, आणि मी मागे वळूनसुद्धा न बघता टाकलेलं ते "नाही".

मी म्हटलं, भाऊजी, दूध उतू जात होतं हो. ते म्हणाले, माहीत आहे, वास आला खालपर्यंत. मग जरा हसले. मी किल्ली आणते म्हणून उठले, दिवा घ्या म्हटलं, डोळ्यांचं आहे, नियमात बसतं. त्यांनी हाताने थांबवलं. दिव्याचं बोलू, म्हणाले, संध्याकाळी वर येतो, तुम्ही सगळं विचारा, कितीचा, कुठला, खरंच लागतो का, आणि मग काय ते ठरवा. पटलं नाही तर नाही म्हणा.

मी दारापर्यंत आले होते तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"वहिनी, एकच करा. नाही म्हणायचं असलं तरी आधी मला आत बसवा."