दारातली तार

राजानंदला लकवा झाला त्याला वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू निकामी झाली आणि बोलणंही गेलं. त्याआधी बदनापुरात गाडीच्या वायरिंगचं काम निघालं की लोक स्टेशन रोडवरचं त्याचंच दुकान दाखवायचे. बायको सत्यशीला त्याच्या हाताखाली तारा सोलायची, सोल्डर लावायची. दुखण्यानंतर दुकान तिनंच चालू ठेवलं. हॉर्न, हेडलाइट, बॅटरी अशी किरकोळ कामं ती करायची. राजानंद खुर्चीत बसून तिचे हात बघत राहायचा आणि काही चुकलं की काठी आपटायचा. अवघड काम आलं की तीच सांगायची, "जालन्याला न्या."

त्या दुपारी तीर्थपुरीचे अण्णासाहेब बायकोला घेऊन संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे निघाले होते. तुळजाबाईंना दमा. एसीच्या हवेनं खोकला उसळायचा, म्हणून त्या पुढं, उघड्या खिडकीशी बसायच्या. जालना सोडताना धुळीमुळं त्यांनी काच वर घेतली, ती पुन्हा खालीच येईना. बदनापूरपर्यंत त्यांनी कसंबसं निभावलं. दुकानापुढं गाडी थांबताच त्या उतरल्या आणि बाकड्यावर बसल्या.

"त्या बंद काचेशी मी परत बसणार न्हाई."

"मागं बस. मागच्या काचा उघडतेत," अण्णासाहेब म्हणाले.

"मागं मला उलट्या होतेत. ठाऊक हाय ना तुम्हाला?"

त्यांच्या छातीतली घरघर दुकानात ऐकू येत होती. अण्णासाहेब सत्यशीलाकडं वळले. "ताई, डॉक्टर चारपर्यंतच बसतेत. जल्दी बघा, न्हाई तर मी दुसरी गाडी करतो."

जालना तर मागं राहिलं होतं. सत्यशीला गाडीत शिरली. बाकीच्या तिन्ही काचा चालत होत्या. पुढच्या डाव्या दाराचं बटण दाबलं तर आवाजसुद्धा नाही.

राजानंदनं डाव्या हाताची मूठ वळून हवेत ठोकली. मोटर अडकलीय, बटण दाबून दारावर बुक्की मार, असं त्याचं सांगणं होतं. तिनं तसं केलं. काच हलली नाही. त्यानं पुन्हा मूठ दाखवली. तिनं आणखी जोरात मारली.

"पोचे पाडून राह्यल्या का ताई?" अण्णासाहेबांचा आवाज चढला.

तेवढ्यात तिची नजर छताच्या दिव्याकडं गेली. दार उघडं असल्यानं तो लागलेला होता. तिनं बटण दाबलं. दिवा तसाच. मोटर अडकलेली असली तर ती करंट ओढते, दिवा जरा तरी मंद होतो. इथं मोटरपर्यंत करंट पोचतच नव्हता.

"मोटर न्हाई," ती म्हणाली. "तार तुटलीय."

राजानंदचा चेहरा लाल झाला. त्यानं काठी आपटली, मूठ उगारली. परक्या माणसासमोर तिनं त्याचं म्हणणं कधी खोडलं नव्हतं.

"नेमकं कुणाचं ऐकायचं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"माझं," ती म्हणून गेली.

दाराच्या बिजागरीपाशी रबराची एक नळी असते. गाडीतल्या तारा तिच्यातूनच दारात जातात. दाराच्या उघडझापीनं त्या आतल्या आत तुटतात. पण खात्री करायची तर ती दोन्ही हातांनी नळी वाकवत असताना ड्रायव्हरकडचं बटण कुणीतरी दाबून धरायला हवं होतं; तुटकी टोकं जुळली की काच हलणार. अण्णासाहेब बायकोच्या तोंडाशी दम्याचा पंप धरून उभे होते. सत्यशीला राजानंदजवळ गेली.

"बटण दाबून धरायला माणूस पाहिजे. डाव्या हातानं जमंल तुम्हाला."

त्यानं तोंड फिरवलं.

"अहो, त्या मावशीला श्वास घेता येऊन न्हाई राह्यला. माझ्यावर नंतर रागवा."

त्यानं बाकड्यावर धापा टाकणाऱ्या तुळजाबाईंकडं पाहिलं. मग त्यानं हात पुढं केला. तिनं त्याला आधार देत स्टेअरिंगमागं बसवलं. त्यानं शरीर वळवून डावा हात दारापर्यंत नेला आणि बटण दाबून धरलं.

तिनं नळी डावीकडं वाकवली, उजवीकडं वाकवली. काही नाही. मोटरच असली तर? तिनं नळी खाली ओढली. काच झटक्यानं हलली आणि थांबली.

"बराबर हाय. सोडा आता."

तिनं बॅटरीची तार काढली आणि नळी सरकवली. एक तार पार तुटलेली, तांबं काळंहिरवं पडलेलं. नवा तुकडा जोडून तिनं सोल्डर लावलं. त्याचा एक तापलेला थेंब बोटावर पडला, तरी तिनं तार सोडली नाही. उघडा जोड झाकायला वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली. बॅटरी जोडून ती म्हणाली, "दाबा."

काच खाली आली आणि अर्ध्यात थांबली. सत्यशीलानं पलीकडं पाहिलं. राजानंदचं बोट निसटलं होतं. त्यानं ओठ दाबून पुन्हा जोर लावला. काच पार खाली गेली.

तुळजाबाई खिडकीवर कोपर टेकून बसल्या. अण्णासाहेबांनी दोघांनाही हात जोडले आणि गाडी काढली.

राजानंदनं दिवसभर तिच्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाला निघायच्या वेळी तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. ती एकटीच गेली, कामात मन लागेना. दुपारी एका जीपच्या डॅशबोर्डखाली ती वाकली होती, तेव्हा पाय ओढल्याचा आवाज आला. घरापासून तो एकटा चालत आला होता. शर्ट घामानं भिजला होता. ती पाणी द्यायला उठू लागली, तर त्यानं हातानं खूण केली, तुझं काम चालू दे.