सुधारलेल्या माणसाचा सत्कार

एकोणीसशे सत्तरच्या पुढच्या वर्षांत मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एक सुधार समिती निघाली. सुधारायला माणूस मात्र एकच होता. क्रांती करायची म्हणून तो जंगलातल्या हत्यारबंद टोळीत गेला, तिथून येऊन एका मालगुजार जमीनदाराचं कोठार पेटवलं, त्यात राखणदार भाजला. शिक्षा पुरी भोगून तो परतला आणि भरवेलीच्या रस्त्यावर खाणकामगारांच्या सायकली दुरुस्त करू लागला. आल्याबरोबर त्या राखणदाराच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडून आला. तेव्हा आमची समिती जन्मायची होती, म्हणून तेवढं एक काम नीट झालं.

समितीचे अध्यक्ष राइस मिलचे मालक. मी मराठी शाळेतला मास्तर, अक्षर बरं म्हणून चिटणीस. पंधरा ऑगस्ट असो, गांधी जयंती असो की कुठल्या साहेबाचा दौरा, आम्ही त्याला स्टेजवर चढवायचो. मी लिहिलेला पश्चात्ताप तो अडखळत वाचायचा आणि साहेबांच्या पायाशी बंदूक ठेवायचा. बंदूक शाळेच्या नाटकाच्या पेटीतली, लाकडी. फोटो निघाला की शिपाई ती परत पेटीत टाकायचा, आणि सुधारलेल्या माणसाला शाल-नारळ मिळायचा. लोक त्याला नुसतं सायकलवाला म्हणायला लागले की आमचा पुढचा कार्यक्रम यायचाच.

एका वर्षी त्याचं लग्न जमत आलं. मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडची. तिच्या बापाला त्यानं सगळं स्वतः सांगितलं होतं आणि बापाला माणूस पसंत होता. भाऊबंदांना फक्त तो जेलात जाऊन आलाय एवढंच माहीत होतं. बाकीचं हळूहळू सांगू, असं बापानं ठरवलं होतं.

तो शाळेत मला भेटायला आला. "गुरुजी, या बारीले मले स्टेजवर नका चढवू. पाहुणे येऊन राह्यले."

"हौ, सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलंही. अध्यक्षांना आनंदच झाला. "अरे, लड़कीवालों को आगे बिठाओ, मास्टरजी. वो भी देखें, हमने क्या हीरा तराशा है."

खरं तर तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण मी घरी जाऊन भाषण लिहायला बसलो, आणि लाज वाटते सांगायला, मला ते रंगत गेलं. 'रक्तानं माखलेले हे हात' असं एक वाक्य सुचलं तेव्हा मी बायकोलाही वाचून दाखवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या वाक्याला टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले. तो लाकडी बंदूक घेऊन वाकला तसे ते उठले आणि मुलीच्या बापाला दंडाला धरून घेऊन गेले. अध्यक्षांना वाटलं, बस पकडायची असेल.

पंधरा दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही. मग एकदा चाक पंक्चर झालं, जावंच लागलं. त्यानं ट्यूब काढली, ठिगळ लावलं, हवा भरली. माझ्याच्यानं राहवलं नाही, चुकलं माझं म्हणालो.

त्यानं हात पुसले. "जेलातून सुटाची तारीख तरी होती, गुरुजी. तुमच्या समितीतून मी कवा सुटीन?"

अध्यक्षांना विचारून सांगतो, असं मी म्हणालो.