प्रभाबाईंचा मुका एक्स

हॅम्बर्गचं नाव निघालं की कौमुदीला २००५चा उन्हाळा आठवतो. आई आली होती तो. पाऊस त्याही वर्षी पडतच असणार, पण आठवणीत मात्र सगळीकडे लख्ख ऊन आहे.

कौमुदी तिथल्या एका जनुकशास्त्राच्या संस्थेत पीएचडी करत होती. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक ती पेशीच मुकं, म्हणजे बंद, करून टाकते. कुठलं, याचा एरवी नेम नसतो. पण एखादं तुटकं असेल, तर बहुधा तेच मुकं झालेलं सापडतं. हे का आणि कसं, हाच तिचा विषय. तुलनेला निरोगी बाईचं रक्त हवं होतं म्हणून तिनं स्वतःचंच दिलं. काही दिवसांनी तिच्या गाईड, फ्राऊ पेटरसन, तिला खोलीत घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. कौमुदीच्या एका एक्सचा टोकाकडचा तुकडाच नव्हता, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत मुका होता तो तोच.

"हे बघ, घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "तू ठणठणीत आहेस. हा तुकडा नसला की उंची तेवढी कमी राहते. घरात आणखी कुणी उंचीनं कमी आहे का?"

कौमुदीला हसूच आलं. आई, प्रभाबाई, सांगलीच्या शाळेत गणित शिकवायची. फळ्याच्या वरच्या कडेला हात पोचत नसे, म्हणून वर्गात तिच्यासाठी चौरंग ठेवलेला असे. पोरं तिला चौरंगावरच्या बाई म्हणायची.

त्या उन्हाळ्यात आई आली. जावयाबरोबर, गौरांगबरोबर, ती बंदरातल्या फेरीबोटीतून हिंडली, तिनं थालीपिठांचे डबे भरले, फ्रान्सब्रोटशेन या दालचिनीच्या गोड पावांची तिला चटक लागली. कौमुदीनं सगळं समजावून रक्त मागितलं, तेव्हा तिनं बाही वर सारून हात पुढे केला. एक्स आईचाच निघाला. तुटलेला तिथेच, आणि मुकाही तसाच.

कौमुदीनं स्वयंपाकघरात हे सांगितलं, तेव्हा आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"मुलाला एकच एक्स असतो ना गं?"

"हो. मुलाच्या वाट्याला हा तुटका आला, तर सावरायला दुसरा नसतो. एवढा मोठा तुकडा गेला असेल तर मूल पोटातच जातं."

आई खुर्चीत बसली. कौमुदीच्या आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं, हे लेकीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पोटुशी असताना चौरंगावर चढउतार केली म्हणून असं झालं, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आईनं ते खरं मानलं होतं.

"ते मुलगे होते की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आई. पण चौरंगानं काही झालं नाही. एवढं मी नक्की सांगते."

 आई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मूल हवं की नको, ते तू आणि गौरांग ठरवा. मध्ये कुणाला बोलू देऊ नका. मलासुद्धा."

सांगलीला परतल्यावर आईनं दिवाळीच्या फराळाला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर आपल्या नणंदेला, कुंदाला, ही हकीकत शांतपणे सांगितली. कुंदाआत्या उठून तिच्याजवळ येऊन बसली, असं आईच फोनवर म्हणाली. पुढे २००८मध्ये कौमुदीला मुलगी झाली, ऊर्जा. तिची तपासणी त्यांनी केली नाही. मोठी झाली की तिचं ती बघेल. आईनं नातीला दोन वर्षं अंगाखांद्यावर खेळवलं आणि मग आई वारली.

कौमुदीला राहून राहून आठवते ती एक दुपार. आईला प्रयोगशाळा बघायची होती. कौमुदीनं तिच्या गालाच्या आतून थोड्या पेशी खरवडून घेतल्या, रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. केंद्रकाच्या कडेला चिकटलेला गडद ठिपका, तोच तो मुका एक्स, असं सांगितलं. आई चष्मा काढून वाकली. खूप वेळ बघत राहिली.

"एवढासाच?" ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ बघू दे म्हणाली.