सातबारा घेऊन पळालेली गाडी

पुन्हा मीच सांगू? इथं चहाच्या टपरीवर नवा माणूस बसला की तुम्ही मले कोपरानं ढोसता, "काका, तो गाडीचा किस्सा सांगा ना." तुमच्या फजित्या काय कमी आहेत? पण नाही. माझीच पाहिजे. बरं. चहा तुम्ही पाजून राह्यले म्हणून सांगतो. मधात कोणी हासलं की मी उठलो.

मी जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. बावीस वर्षं. शाळा चवथीपर्यंत, तीही मास्तरच्या मारापायी अर्धी. कापसाचे दिवस फिरले, जिनात माल येईना, मालकानं कुलूप लावलं. घरी चार एकर वावर होतं, ते पोरगा पाहे. मंग माझ्या हाताले खाज सुटली. पाना-पेचकसाची सवय असलेला माणूस रिकामा बसला त घरातल्या चालू वस्तू बिघडवते. मी रेडिओ खोलला, मिक्सर खोलला. बायकोनं शिलाई मशीन शेजारी नेऊन ठेवली.

अशात यवतमाळले एका दुकानात रिमोटवर पळणारी गाडी पाह्यली. हातभर लांबीची, मोठ्या चाकाची. दुकानदार म्हणे, "नातवासाठी का?" म्या म्हटलं, "हो." नातू मले तवा नव्हता. पोराचं लग्नही नव्हतं झालं. पण साठीचा माणूस स्वतःसाठी गाडी घेते म्हटलं त दुकानदार काय म्हणन?

आता तुम्हाले वाटते, खेळणं आहे. खेळणं नाही राजेहो, मशीन आहे ते. काळ्या मातीत तिची चाकं फसत. म्या सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून चाकावर चढवले. मोटर कमजोर वाटली, त जुन्या टेपरेकॉर्डरची बसवली. वरचं प्लास्टिक फुटलं, त तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. गाडी अशी झाली की कुत्रं तिले पाहून रस्ता बदले.

हे पाहून आमच्या गावच्या सुदामानंही तश्शीच गाडी आणली. सुदाम म्हणजे सायकल दुरुस्तीवाला. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं गोड, पण शर्यतीत चिडखोर. दर रविवारी आम्ही दोघं बंद पडलेल्या जिनाच्या पटांगणात गाड्या पळवत होतो. जिथं पयले कापसाचे डोंगर राहत, तिथं आता आमची शर्यत. जुनी रुई अजून मातीत होती, ती चाकाच्या दांड्याले गुंडाळे. सुईनं काढत बसा लागे. त्यातही मजा होती. तुम्हाले नाही समजणार.

एका रविवारी दोघाईचे रिमोट धुळीनं अडकून राह्यले. सुदाम म्हणे, "गुलाबभाऊ, तुम्ही साफ करून द्या." नेले घरी. दोनी रिमोट एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. ओळखायले माझ्यावर लाल चिंधी बांधलेली, त्याच्यावर हिरवी. दोनी खोलले, पुसले, बंद केले. तपासले का? तपासले ना! फिटर आहो मी. दोनी गाड्या वसरीत ठेवल्या, दोनी रिमोट दोन हातात घेतले, दोनी संगच दाबले. दोनी गाड्या पळाल्या. पास!

हासलं कोण? बसा गप.

त्याच आठवड्यात कापूस विकायले दिग्रसले गेलतो. पोराले ताप होता, म्हणून बैलगाडी घेऊन मी. संग सुदाम आपली बैलगाडी घेऊन. त्या सालात सरकारी खरेदीवर अशी गर्दी, की बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. आधी खिडकीवर टोकन घ्यायचं, मंग काट्यावर माप. शुक्रवार होता. खिडकी एक वाजता बंद होणार, अन् शनिवार-रविवार सुट्टी. आज टोकन नाही भेटलं त दोन दिवस तिथंच मुक्काम. बैलाईचा कडबा म्या एकाच दिवसाचा आणलेला.

आता टोकनच्या रांगेची रीत सांगतो. पहाटेपासून कोण उभं राहते? आपल्या जागेवर चप्पल ठेवायची, नाही त गोटा, नाही त थैली. चप्पल म्हणजे माणूस. रांग सरकली की जवळचा माणूस सगळ्याईच्या चपला एक पाऊल पुढं सरकवते. कोणी कोणाची चप्पल वलांडत नाही. तहसीलदाराचा हुकूम मोडन, पण हे नाही.

मागच्या खेपेले माझी चप्पल रांगेतून चोरीले गेलती. म्हणून म्या यंदा डोकं लावलं. जागेवर ठेवली गाडी! संग घरून आणलीच होती, वेळ जायसाठी. तिच्या टपावर सातबारा गुंडाळून रबरानं बांधला, कारण कागद पाहिल्याशिवाय खिडकीवरचा बाबू टोकन देत नाही. चौदावा नंबर. अन् गाडीचं बटन चालू ठेवलं. काहून? रांग सरकली की मी तिकडं बैलाजवळ बसल्या बसल्या रिमोट दाबीन, गाडी एक पाऊल पुढं.

म्या हे सगळ्याईले ऐकू जाईन असं सांगितलं.

तिथं दशरथ नावाचा हमाल होता. लांब मिशीचा, खरेदीवर पंचवीस वर्षं. तो म्हणे, "काका, चप्पलच बरी."

म्या म्हटलं, "तू पोते उचल."

सुदामाची चप्पल एकोणीस नंबरवर. तो लिंबाच्या झाडाखाली आपली गाडी पायाजवळ ठेवून बसला, रिमोट मांडीवर. मी इकडं, तो तिकडं, मधात रांग.

साडेदहाले रांग सरकली. म्या रिमोट दाबला. गाडी हालली नाही. अजून दाबला. ढिम्म! अन् तिकडं लिंबाखाली सुदाम ओरडला, "अरे अरे अरे!" त्याची गाडी त्याच्या पायातून सुटून एका म्हातारीच्या भुईमुगाच्या टोपल्यात घुसली.

मले वाटलं, याच्या गाडीत काही बिघाड. आपल्याले काय करा लागते? मी माझं दाबत राह्यलो. सुदामानं आपली गाडी मागं घ्यायले रिमोट मागं वढला.

अन् माझी गाडी मागं आली! सरळ मागच्या चपलाईवर. पंधरा, सोळा, सतरा नंबर उडाले.

"कोणाची बे ही गाडी?"

"गुलाबकाकाची! काका, आवरा ना!"

आवरू कसा? मी पुढं करून राह्यलो, ते मागं जाऊन राह्यली. म्या रिमोट पुढं दाबला की सुदामाची गाडी म्हातारीच्या टोपल्यात अजून घुसे. सुदाम मागं वढे की माझी गाडी चपला पसरवे. म्हातारी सुदामाले शिव्या देऊन राह्यली, सतरा नंबर मले. सुदाम घाबरला. त्यानं हिसक्यात रिमोट पुढं केला, पुरा.

गाडीले टेपरेकॉर्डरची मोटर होती, सांगितलं ना. अशी सुटली! चौदावरून तेरा, बारा, दहा, सात. चपला दोन्हीकडं उडून राह्यल्या. खिडकीसमोर एक नंबरवाला माणूस सही करत होता, त्याच्या दोन पायातून गेली, वळली, अन् मागं जो खरेदीचा कापूस पडून होता, त्या गंजीत घुसली. सातबाऱ्यासकट. घर्रर्र आवाज आला, मंग बंद.

 एवढ्यात कोणीतरी बोललं, "चौदा नंबरवाला पुढं घुसला!"

मंग काय विचारता! "रांग मोडली!" "म्हाताऱ्याले लाज नाही!" "गाडी पाठवून नंबर लावते काय बे!" चाळीस माणसं अन् पसरलेल्या चपला. ही माझी, ते तुझी नाही. दोघं त एकाच चपलेसाठी धोतराले हात घालून राह्यले. बाबूनं खिडकीतून डोकं काढलं अन् म्हणाला, "रांग लावा, नाही त मी बंद करतो."

दशरथानं रांग लावली. कोण कोणाच्या मागं, त्या माणसाले सगळं पाठ. मंग गंजीत खांद्यापर्यंत हात घालून माझी गाडी काढली. चारी चाकाले कापूस असा गुंडाळला होता जशा चार समईच्या वाती. सातबारा सलामत होता.

"काका," दशरथ म्हणे, "कायद्यानं तुम्ही शेवटी. पण घाबरू नका. चपला जुळवता जुळवता बारा वाजले. तुमचा नंबर लागते साडेबाराच्या पुढं-मागं. उभं राहा चुपचाप."

चुपचाप उभं राह्यलो असतो त हा किस्साच नसता. टोकन घेऊन संध्याकाळी घरी गेलो असतो.

पण मी म्हटलं, "आधी न्याय! माझी गाडी या सुदामानं पळवली. त्याच्या रिमोटात काही भानगड केली आहे त्यानं!"

सुदामाचा चेहरा उतरला. "गुलाबभाऊ, माळेची शपथ. मले त वाटलं तुम्हीच माझी गाडी टोपल्यात घातली."

"मी? माझा रिमोट माझ्या गाडीचा!"

"मंग माझी कशी गेली?"

"ते तू सांग!"

दशरथ म्हणे, "काका, नंबर."

"नंबर गेला खड्ड्यात. सगळे या इकडं. मी सगळ्याईसमोर खोलून दाखवतो."

लोकाईले काय, फुकटचा तमाशा. पंधरावीस जण गोळा झाले. सुदामालेही रांगेतून वढून आणलं, त्याचा नंबर जवळ आलता तरी. बंडीच्या खिशात पेचकस राहतेच माझ्या. म्हातारीनं रागारागानं आपलं रिकामं टोपलं पालथं घातलं, म्हणे, "घ्या, त्याच्यावर करा काय करता ते." त्याच्यावर हिरव्या चिंधीचा रिमोट ठेवला. एक एक स्क्रू काढला. सावकाश, कोरटात वकील कागद काढते तसा. झाकण उचललं.

आत सेलच्या स्प्रिंगमागं घडी केलेला एक कागद. बिडीच्या बंडलाचा.

म्या तो चिमटीत धरून वर केला. "पाह्यलं? माळकरी म्हणे! चोरून बिड्या ओढते, अन् बंडलाचा कागद रिमोटात लपवते!"

लोक सुदामाकडं पाहू लागले. एक जण म्हणे, "सुदामभाऊ, तुम्ही पण?"

सुदामाच्या डोळ्यात पाणीच आलं. "मी बिडीले हातही नाही लावला कधी. पांडुरंगाची आण."

दशरथानं माझ्या हातातून कागद घेतला. उलटा-पालटा केला. मंग माझ्या कानाकडं पाह्यलं. माझ्या कानावर अर्धी बिडी होती. तश्शाच बंडलातली.

"काका," तो म्हणे, "हे स्प्रिंग ढिली झाली म्हणून कागद कोणं कोंबला असन?"

आता सांगू तुम्हाले? त्या क्षणी मले सगळं आठवलं. दोन महिन्यापयले माझ्या रिमोटाची स्प्रिंग ढिली झालती. म्या माझ्याच बंडलाचा कागद घडी करून माझ्याच रिमोटात बसवला होता. स्प्रिंग आतल्या सर्किटालेच जोडलेली. हे सर्किट माझं होतं. हिरव्या चिंधीच्या डब्यात माझं पोट, लाल चिंधीच्या डब्यात सुदामाचं. रविवारी साफ केल्यावर म्याच अदलाबदल केली होती.

अन् दोनी संगच दाबून पास केलतं.

"दुसरा खोला," कोणी म्हणालं. खोला लागलाच नाही. मी बोललो, "सुदाम, चूक माझी आहे." एवढंच. माझ्या तोंडून एवढं निघणं म्हणजे जिनाचा पट्टा उलटा फिरणं.

सुदाम काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला. खडाड! आम्ही सगळे वळलो. खिडकी बंद. एक वाजला होता. न्याय पाहायले आलेल्या एकाही माणसाले टोकन नाही. सुदामालेही नाही.

मंग काय, शुक्रवारची रात्र, शनिवार, रविवार. पंधरावीस बैलगाड्या तिथंच. सगळे माझ्याकडं पाठ करून. सुदामानं मात्र आपल्या कडब्यातल्या चार पेंढ्या आणून माझ्या बैलापुढं टाकल्या. टाकल्या अन् गेला.

म्या रात्रीच दोनी सर्किटं जागेवर बसवली. शनिवारी दुपारी बाजाराचं पटांगण मोकळं होतं, लोक आपापल्या बैलगाडीखाली पडलेले. म्या हिरवा रिमोट सुदामाच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "चालते का?" त्यानं आधी आपली गाडी पुसली. मंग उठला. तीन शर्यती झाल्या. तिन्ही तो जिंकला. मी जिंकू दिल्या असं समजू नका, मी जीव लावून पळवत होतो. रागानं तोंड फिरवलेले लोकही हळूहळू गोल करून बसले. सुट्टी असूनही आलेला दशरथ शिटी मारत होता.

तेवढ्यात, मी रात्री घरी आलो नाही म्हणून, यष्टीतून माझी बायको उतरली. डोक्यावर कडब्याचा भारा, हातात भाकरीचं गाठोडं. दशरथानं तिले सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. मी खाली मान घालून भाकरीचं गाठोडं सोडलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं अन् सुदामाले म्हणे, "भाऊजी, मी त याईले रविवारीच म्हटलं होतं. चहा ठेवत होती. म्हटलं, हे बिडीचा कागदवालं लाल चिंधीच्या डब्यात होतं ना, हिरव्यात काहून घालून राह्यले? त मले म्हणे, तू तुझ्या चहाकडं पाहा."

सुदाम असा हासला की तुळशीची माळ तुटते का काय. दशरथ हासला. बैल सोडून सगळे हासले.

बरं. हासून घ्या तुम्हीही.

पण एक सांगतो. सुदामाची माफी म्या मागितली. चपलावाल्याईची मागितली. त्या भुईमूगवाल्या म्हातारीची मागितली, तिनं दोन शिव्या देऊन माफ केलं. माझा हिशोब साफ आहे. आता मी हट्टी आहो, हे घरात चाळीस वर्षांपासून माहीत आहे. हट्टी माणसाले एक गोष्ट चार वेळा सांगा लागते, हातातून वस्तू हिसकावून सांगा लागते. एकदाच, अन् तेही चुलीकडं तोंड करून सांगितलं, त त्याले सांगणं म्हणत नाहीत. त्यापायी पंधरावीस माणसं दोन दिवस उघड्यावर राह्यली. सगळ्याईनं सगळ्याईले माफ केलं. माझी माफी अजून मागितली नाही ते एकाच माणसानं. ते बसली आहे घरी. माझी बायको, अनसूया.