माईकवरचा हुसैनमियाँ

हुसैनमियाँ कोण, असं मस्कतमधल्या कुठल्याही कोकणी माणसाला विचारा, तो तुम्हाला शुक्रवारचा हुसैनमियाँ सांगेल. बाकीचे दिवस त्याच्या लेखी नाहीतच. त्या दिवसांत हुसैनमियाँ मत्रहच्या सुकात, म्हणजे जुन्या बाजारात, एका मसाल्याच्या पेढीचं गोदाम सांभाळतो. नखं हळदीनं पिवळी आणि कानावर दिवसभर मालकाच्या हाका. शुक्रवारी मात्र दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली, की तो शहराबाहेरच्या एका खडीच्या मैदानावर टेबलामागं बसतो, माईकवर फुंकर मारतो आणि टेनिस बॉलच्या सामन्याचं असं समालोचन करतो, की फलंदाज हसता हसता त्रिफळाचीत होतो.

आमच्या कोकणातल्या स्पर्धांची ही रीतच आहे. नुसता षटकार मारून भागत नाही. मारणारा कुणाचा, कुठल्या मोहल्ल्यातला, त्याचा बाप काय करायचा, लहानपणी तो कुणाच्या आंब्यावरून पडला होता, हे सगळं माईकवरून जगाला कळायला हवं. ज्याची चेष्टा झाली, तो छाती फुगवून फिरतो. ज्याची राहिली, तो घरी जाऊन फोन करतो, "मियाँ, माझ्यावर काय राग हाय काय?"

पण ही सगळी मंडळी आता पन्नाशीला टेकलेली. धाव घेतली की आधी गुडघा बोलतो. बघायला येणारेही त्यांच्याच वयाचे, घरून आणलेल्या खुर्च्यांवर बसून शेंगदाणे खाणारे. इथं जन्मलेली पोरं मैदानाकडं फिरकत नव्हती.

एके दिवशी जमिनीच्या ओमानी मालकानं, म्हणजे सगळ्यांच्या अर्बाबनं, हुसैनमियाँला बोलावून घेतलं. माणूस भला होता. त्यानं आधी काहवा पाजला, मग बोलला.

"हुसैन, बुढ्ढा लोग खेलता, बुढ्ढा लोग देखता. मेरा भांजा बोलता, इधर पॅडल टेनिस का कोर्ट बनाओ, बच्चा लोग लाइन लगाएगा. मैं जुम्मा को आएगा. बच्चा लोग दिखा तो मैदान तुम्हारा. नहीं दिखा तो खलास."

हुसैनमियाँच्या पायाखालची जमीन सरकली. शुक्रवार गेला तर त्याच्याकडं उरणार काय? गोदाम!

पोरांना आणायचे उपाय काय कमी झाले होते? एकदा फुकट बिर्याणी ठेवली. पोरं आली, जेवली, वायफायचा पासवर्ड विचारून निघून गेली. एकदा मोठे स्पीकर लावून गाणी वाजवली, तर गाणीच पाच वर्षं जुनी निघाली. शेवटी हुसैनमियाँ आणि त्याचा जुना दोस्त दयानंद मस्कतमधल्याच अल् घुब्रा भागातल्या इमारतींतून दारोदार फिरले. दयानंद गुहागरचा, एसी दुरुस्तीच्या कामातला आणि शुक्रवारचा कायमचा पंच. "ट्यूशन आहे, काका," असं ऐकून ऐकून दोघांचे कान किटले.

आता राहिला घरचा मुआज. हुसैनमियाँचा सोळा वर्षांचा हा मुलगा अल् घुब्रात शिकायचा, मित्रांशी इंग्रजी बोलायचा, आईशी हिंदी. बापाशी मात्र मोडकीतोडकी कोकणी. चुका करायचा, आणि हुसैनमियाँ त्या कधीच दुरुस्त करायचा नाही. दुरुस्त करायला गेलं तर पोरगा बोलायचाच थांबेल, ही त्याला धास्ती.

"मुआज, एकच शुक्रवार," तो म्हणाला. "तुझे दोस्त घेवन ये. मी तुझ्या पाया पडतो."

बाप पाया पडायची भाषा करतो म्हटल्यावर मुआज गोंधळला. बराच वेळ त्यानं मोबाइल उलटासुलटा केला.

"मी आणतो, अब्बा. पण तुमी माईकवर माझा नाव घेव नको. आपल्या घरचा काय पण बोलू नको. प्रॉमिस?"

"अल्लाची कसम," हुसैनमियाँ म्हणाला.

मुआजनं वर्गात काय सांगून ठेवलं होतं, ते गुलबानूला, म्हणजे त्याच्या आईला, ठाऊक होतं. अब्बांचा इम्पोर्टचा बिझनेस आहे, असं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं नाही. कशाला त्याच्या जिवाला लागेल असं बोला, असा तिनं विचार केला.

शुक्रवार आला. आणि काय सांगू, पोरं आली! गाड्या भरभरून आली, सायकलींवरून आली, मुलीसुद्धा आल्या. दयानंदनं ऐनवेळी सामना थांबवून पोरांचीच एक लढत लावली. हुसैनमियाँच्या जिभेवर एकेकाची चेष्टा येत होती. पण कसम लक्षात होती, म्हणून तो जपून, बेतानं बोलत होता. रस्त्याकडं त्याचं सारखं लक्ष. अर्बाबची गाडी काही दिसेना.

मुआज फलंदाजीला आला. पहिले दोन चेंडू हुकले. तिसऱ्यावर त्यानं अशी बॅट फिरवली, की चेंडू खुर्च्यांवरून, गाड्यांवरून थेट पलीकडच्या टेकाडावर जाऊन पडला.

पोटच्या पोराचा षटकार. पंचवीस वर्षांची सवय. कसम गेली वाऱ्यावर.

"आणि हा गेला! पार डोंगरावर गेला!" माईक थरथरला. "कुणाचा हा पोरगा? विचारा मत्रहच्या सुकाला! मिरचीची पोती पाठीवर वाहून ज्याच्या बापानं ह्याला वाढवला, तो हा मुआज! अजून त्या बापाच्या पाठीची आग जात नाय, म्हणून तो उताणा झोपत नाय!"

म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांच्या लेखी यापेक्षा मोठा मान नव्हता.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मग बंटी नावाचा एक उंच पोरगा ओरडला, "मिर्ची! मिर्ची!" बघता बघता सगळ्यांनी सूर धरला. मोबाइल वर निघाले. कुणी नाचायला लागलं.

मुआजनं बॅट खाली ठेवली. टेबलाकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर हुसैनमियाँला बरं वाटलं असतं. मग पोरगा पाठ फिरवून रस्त्याच्या दिशेनं चालू लागला.

नेमकी तेव्हाच अर्बाबची गाडी आत वळली. गाडीतून मैदान बघण्यासारखंच दिसत असणार. हुसैनमियाँ अर्धा उठला होता. पोरांनी टेबलाला गराडा घातला.

"अंकल, मोअर! मुआजचं अजून सांगा ना!"

दयानंद जवळ येऊन कानाशी कुजबुजला, "बोल, मियाँ. थांबू नको. अर्बाब बघतोय."

हुसैनमियाँ खाली बसला. आणि बोलला. मुआज पहिल्या दिवशी शाळेत कसा रडला, अंथरूण कुठल्या वयापर्यंत ओलं करायचा, शेजारच्या मुलाचे जुने बूट घालायला लागले म्हणून कसा रुसला, जे जे घराच्या चार भिंतींत होतं ते सगळं त्यानं माईकवर ओतलं. पोरं हसून हसून लोळली. तो बोलत होता आणि त्याची नजर रस्त्याकडं होती. मुआजचा पांढरा शर्ट लहान लहान होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. तरी तो बोलतच राहिला. जीभ आपली होती, पण आवरता येईना.

"माशाल्ला!" अर्बाबनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "मैदान तुम्हारा. हर जुम्मा ऐसाच होना."

म्हाताऱ्यांनी हुसैनमियाँला उचलून घेतलं. त्याला खाली उतरायची घाई झाली होती.

घरी आला तेव्हा मुआज टेबलाशी पुस्तक उघडून बसला होता. हुसैनमियाँ दारातच थांबला.

"माझी चूक झाली, बाळा. कसम मोडली मी. मना माफ कर."

मुआजनं मान वर केली. चेहरा अगदी शांत होता.

"इट्स ओके, पापा," तो म्हणाला. "यू गॉट युवर ग्राउंड."

पापा! आजवर त्यानं बापाला अब्बाशिवाय हाक मारली नव्हती. हुसैनमियाँला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. मग वाटलं, महिन्याभरात जाईल.

आता शुक्रवारी मैदान भरतं. पोरं पुढच्या रांगेत बसतात, हुसैनमियाँ दिसला की "मिर्ची! मिर्ची!" सुरू होतं, आणि तो हात वर करून हसतो. निघण्यापूर्वी मात्र तो रोजच्याहून जास्त वेळ चपला घालत बसतो आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं विचारतो,

"मुआज, मी मैदानावर जातोय रे. येतंस काय?"

"नो, पापा," आतून उत्तर येतं. "हॅव फन."

हुसैनमियाँ थोडा वेळ उभा राहतो. एखादा चुकीचा का होईना, कोकणी शब्द येईल म्हणून ऐकत राहतो. मग दार ओढून घेतो.