जुनं जमा, नवं घेऊन जा

कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थाला सगळे ‘जुनंआणा’ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने. जुना पार्ट खिडकीत जमा केल्याशिवाय त्याने कुणाला साधा नट दिला नाही. मॅनेजरलाही नाही. इतके पार्ट हातून गेले, पण त्यातला एक तरी स्वतः बसवला असेल तर शपथ!

निवृत्तीनंतर एके दिवशी मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, रविवारी येतोय. वायपर काच पुसत नाहीत, तुम्हाला समोरचं दिसत नाही आणि तुम्ही ऐकत नाही. गाडीची किल्ली मला देऊन टाका.’’

किल्ली! गाडी गेली म्हणजे जन्मभर बायकोच्या मागे पिशव्या धरून चालायचं. वायपर नवे झाले तर मुलाचं तोंड बंद होईल, म्हणून तो तडक जाऊन नवी जोडी घेऊन आला.

‘‘अहो, मेकॅनिकला बोलवा,’’ बायको म्हणाली. ‘‘तुम्ही नुसते पार्ट दिलेत, बसवले कधी?’’

‘‘तू गप गं!’’

त्याने दोन्ही दांडे काचेपासून उचलून उभे केले, खटका दाबून जुनी पाती काढली. छान जमलं. शहाण्या माणसाने नवी पाती शेजारीच ठेवली असती. पण ती कपाटात कुलूपबंद! आधी जुनं जमा, मग नवं बाहेर. जुनी जोडी घेऊन तो रुबाबात वळला आणि कोपराचा धक्का लागून एक उघडा दांडा काचेवर आपटला.

खाड! काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

मेल्याचा हट्ट बघा, तरी त्याने कपाट उघडून दोन्ही नवी पाती नीट बसवली.

रविवारी मुलाने गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. ‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी,’’ बायको पटकन म्हणाली. ‘‘वायपर बदलायला गेले आणि दांडा सुटला.’’

आईला काय बोलणार? ‘‘बरं, काच बदलून घेऊ,’’ मुलगा म्हणाला. त्याने नवी पाती हलवून पाहिली. ‘‘पण बसवलेत मात्र झकास हं आई!’’

किल्ली वाचली होती. आता तोंड मिटून उभं राहायचं, एवढंच काम उरलं होतं.

‘‘ते मी बसवलेत!’’ म्हातारा ओरडला. ‘‘दोन्ही! काचही मीच फोडली, पण वायपर माझे आहेत!’’

बायकोने डोळे मिटून घेतले. ‘‘धन्य आहे बाई या माणसाची!’’

मुलाने हात पुढे केला. म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि देऊन टाकली.

‘‘चला, काचवाल्याकडे जाऊ,’’ मुलगा हळूच म्हणाला. ‘‘मी चालवतो.’’

म्हातारा स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसला. सीटबेल्टच्या पट्ट्यासाठी त्याचा हात सवयीने नेहमीच्या उजव्या खांद्यामागे गेला आणि कितीतरी वेळ तिथेच चाचपडत राहिला.