अस्वल आलं त्या दिवशी मावशी गप्प होती

आमच्या शिओमी गावात चाळिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस मिनोशिमा फुसाएच्या हाताखालून दोनदा गेलेला आहे. एकदा केस कापून घ्यायला आणि एकदा पुढारपण शिकायला. केस ती बरे कापायची. दुसरं काम मात्र तिच्याइतकं चांगलं करणारं कुणी मी तरी पाहिलेलं नाही.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं सलून. वडिलांच्या मागे तेविसाव्या वर्षी ते तिच्या गळ्यात पडलं. रविवारी बाप खुर्चीत बसायचे आणि पोरं बाकावर कंटाळायची. फुसाए मावशी लहानांना मागच्या बोळात खेळायला पिटाळायची. तेरा-चौदा वर्षांची पोरं मात्र तशीच बसून राहायची, मान खाली घालून. खेळायला मोठी आणि कामाला लहान. एका रविवारी तिने त्यातल्याच एकाला सांगितलं, "माझे हात गुंतलेत. बाहेर सहा जण आहेत, अर्धा तास सांभाळ. एक जरी रडत आत आला ना, तर तुझी ती पुढची झुलपं मी माझ्या मर्जीने कापणार."

कुणी रडत आलं नाही. उलट अर्ध्या तासाने बापांना आपली पोरं ओढून घरी न्यावी लागली. त्यातून पुढे गावच्या सभागृहात शनिवारचा वर्ग सुरू झाला. बालमंडळाच्या सहली, क्रीडादिन, उन्हाळी शिबिर हे सगळं चालवायला मोठ्या शाळेतली मुलं तयार करायची. आम्ही स्वतःला ज्युनिअर लीडर म्हणवून घ्यायचो आणि गळ्यात पिवळा रुमाल बांधायचो.

मी तिथे गेले तेव्हा बारा वर्षांची होते. वर्गात माझं नाव पुकारलं तरी माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही. आईने मला अक्षरशः दारात सोडलं आणि म्हणाली, "हिला जरा बोलकी करा."

मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बोलक्या माझ्याकडे भरपूर आहेत. मिझुए, तुला बघता येतं का?"

"काय बघायचं?"

"कोण खेळत नाहीये ते."

तिची शिकवण अशीच असायची. मुलाशी बोलताना आपले डोळे त्याच्या डोळ्यांपेक्षा खाली हवेत. खेळ ऐन रंगात आला की थांबवायचा, म्हणजे उद्या ती परत मागतील. 'शांत बसा' हे शब्द वर्ज्य, गोंगाट झाला की आपण आवाज उतरवायचा. कार्यक्रम संपला की गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने स्वतःची चूक सांगायची. दुसऱ्याची चूक सांगणाऱ्याला त्या दिवशी सगळ्या चटया झाडाव्या लागत. रियोहेई नावाचा माझ्याच वर्गातला मुलगा पहिल्या वर्षी इतक्या चटया झाडायचा की त्याचे दंड भरले, असं आम्ही म्हणायचो.

तीन वर्षांनी, म्हणजे मी पंधरा वर्षांची असताना, उन्हाळी शिबिराची प्रमुख म्हणून मावशीने माझं नाव लावलं. आणि शिबिराला महिना उरला असताना तिचा घसा बसला. तपासणीत स्वरतंतूंवर गाठ निघाली. साधीच होती, शिबिराच्या दहा दिवस आधी काढून टाकली. पण डॉक्टरांनी बजावलं की महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

पालकांच्या बैठकीत तोकुमारू काका उभे राहिले. मासळी बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, तिथेच त्यांचं दुकानही, आवाज तसाच दणदणीत. "मावशी बोलणार नाहीत म्हणजे शिबिर कोण चालवणार? ही मुलगी? अहो, ही माझ्या दुकानात येते तेव्हा तिला काय हवंय ते मला ओळखावं लागतं!"

सगळे हसले. माझे कान तापले. मावशीने गळ्यात अडकवलेली पाटी घेतली, लिहिलं आणि वर धरली. 'तीच चालवणार. तुम्ही सोबत या.'

"मी?"

तिने त्याखाली लिहिलं, 'करी-भाताच्या कढया जड असतात.'

शिबिर डोंगरातल्या बंद पडलेल्या शाळेत होतं. त्रेचाळीस मुलं, आम्ही नऊ जण आणि मोठी माणसं तीन. पहिला दिवस ओढ्यात डुंबण्यात मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा भोंगा बोलू लागला. ओढ्याच्या वरच्या अंगाला पिल्लासकट अस्वल दिसलं होतं, कुणीही इमारतीबाहेर पडू नये. तोकुमारू काकांनी लगेच फोन लावले. बस तिसऱ्या दिवशी दुपारशिवाय मिळणार नव्हती.

म्हणजे भर जुलैमध्ये, बंद दारांच्या जुन्या व्यायामशाळेत, त्रेचाळीस मुलं आणि दीड दिवस. माझ्या वहीतला सगळा कार्यक्रम बाहेरचा होता.

मी घाबरले आणि घाबरलेली माणसं करतात तेच केलं, ओरडू लागले. "रांगा करा! शांत बसा! ए, तिकडे नाही!" तीन वर्षांत जे जे करू नये म्हणून शिकले होते ते सगळं मी अर्ध्या तासात करून मोकळी झाले. मुलं चेकाळली. एकाने दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. एक मुलगी रडायला लागली आणि तिचं बघून आणखी चौघी.

तोकुमारू काका दारातूनच गरजले, "झालं? मी घेऊ का हातात?"

मी मावशीकडे पाहिलं. ती भिंतीशी मांडी घालून बसली होती. पाटी मांडीवर, खडू हातात. तिने काहीच वर धरलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी जवळच्या मुलासमोर खाली बसले. तो होता इबुकी, पहिलीतला, पुढचे दोन दात पडलेला. माझे डोळे आपोआप त्याच्या डोळ्यांच्या खाली आले.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मावशी अस्वलाला ऐकू जाईल म्हणून बोलत नाही का?"

शेजारची चौथीतली चिनात्सु फिस्सकन हसली. "वेडा रे वेडा! आवाज झाला की अस्वल पळतं. माझे आजोबा डोंगरात घंटा बांधून जातात."

"मग मावशीच खरी शूर," इबुकी म्हणाला. "ती घाबरतच नाही. म्हणून गप्प."

मी दोघांकडे पाहिलं. मग आमच्या आठ जणांना बोलावलं आणि कुजबुजत सांगितलं, "क्रीडादिन करू या. दोन प्रकारचा. एकदा मावशीसारखा, म्हणजे एक शब्द नाही. मग एकदा चिनात्सुच्या आजोबांसारखा."

रियोहेई म्हणाला, "म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे अर्धा तास सगळं मुक्याने. शर्यती, रस्सीखेच, टाळ्यासुद्धा हवेत. आणि अर्धा तास झाला की सगळ्यांनी खिडक्यांपाशी जायचं आणि अस्वलाला हाकलायचं. भांडी घेऊन."

"भांडी कुणाची?"

"तोकुमारू काकांची."

बोलता बोलता लक्षात आलं की इतकी वाक्यं मी आजवर एका दमात कधी बोलले नव्हते. काकांकडे मीच गेले. "काका, तुमच्या कढया आणि डाव लागतील. आणि अस्वलाला हाकलायला तुमचा आवाज लागेल. पण मी हात वर करेपर्यंत तुम्हीही बोलायचं नाही."

"मला गप्प बसवतेस?"

"हो."

मग त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मुक्याने खेळलेली रस्सीखेच मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. चाळीसेक मुलं लाल तोंडाने हसू दाबत होती, कुणी फसकन फुटलं की त्याचा गट बाद. हातांच्या खुणा मुलांनी मावशीकडून घेतल्या. दहा दिवसांत तिने स्वतःच्या कितीतरी खुणा बनवल्या होत्या. आता प्रत्येक खुणेचा अर्थ विचारायला तिच्याभोवती घोळका जमला. रडणाऱ्या मुलींना रियोहेईने पंच केलं. मग मी हात वर केला. त्रेचाळीस गळे, सहा कढया आणि लिलाव पुकारणारे तोकुमारू काका एकदम सुटले. खिडकीच्या काचा थरथरल्या. खालच्या वस्तीतून फोन आला की वर काय कोसळलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही हे पाच वेळा केलं. दर वेळी खेळ रंगात आला की मी थांबवला आणि दर वेळी मुलं "अजून!" म्हणून हातवारे करत होती. दुसऱ्या दिवशी बस आली तेव्हा इबुकीला चढवायला दोघं लागले.

परतताना मी मावशीशेजारी बसले. राग पुरता गेला नव्हता. "तुम्ही एक शब्द लिहिला असता तरी चाललं असतं," मी म्हणाले.

तिने पाटी माझ्यासमोर तिरपी धरली. कोरीच होती, पण खडूच्या पुसटशा रेघा एकावर एक दिसत होत्या. मग तिने लिहिलं, 'तीनदा लिहिलं. तीनदा पुसलं. ऑपरेशनपेक्षा तेच जास्त दुखलं.'

मी बाहेर बघू लागले. पण तिच्या खांद्याला टेकूनच.

मावशीचा आवाज परत आला तो जरा घोगरा. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तोकुमारू काका शनिवारी सभागृहात दिसू लागले. आधी म्हणाले चटया वाहायला आलोय, मग शिकवायला लागले. दुरून आवाज कसा पोचवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला येणार? लहानांसमोर खाली बसायला मात्र त्यांना गुडघ्यांमुळे जमत नाही. म्हणून ते सरळ जमिनीवर आडवे होतात.

मी आता नगरपालिकेत बालविभाग बघते. गावात मुलं कमी झाली. गेल्या वर्षी वर्ग बंद करायचा ठराव आला, तेव्हा त्याच्या विरोधात मीच बोलले, वीस मिनिटं, कागद न घेता. शेजारच्या दोन गावांची मुलं जोडून वर्ग चालू राहिला. मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. सलून भाचीला दिलं, शनिवार दिला नाही. एप्रिलमध्ये नवी अकरा मुलं आली. त्यात मासळी कारखान्यात कामाला आलेल्या व्हिएतनामी जोडप्याची मुलगी आहे, थुई. तिला अजून आमची भाषा नीट येत नाही. तिची आई सारखी वाकून माफी मागत होती.

मावशीने पिवळा रुमाल थुईच्या गळ्यात बांधला. "माफी कसली मागता?" ती आईला म्हणाली. "हिला माझ्याकडे सोडा आणि चार वाजता या. उशीर झाला तरी चालेल."